घरगुती गाणं

टोमॅटोच्या टेम्पोतून मी गाव सोडलं. ड्रायव्हरच्या शेजारी आण्णा आणि त्यांच्या पलीकडं दाराला चिकटून मी. मांडीवर कपड्यांची बॅग, पायाशी गुंडाळलेली गादी, मागं टोमॅटोची खोकी. वणी मागं पडली तेव्हा नुकतं उजाडत होतं. रस्त्याच्या कडेनं देवीच्या गडावर निघालेली माणसं समोरून चालत येत होती, आणि त्या सगळ्यांच्या उलट दिशेला आम्ही चाललो होतो. दिंडोरीला आण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "पोराला सातपूरला नोकरी लागली. माल मोजायचं काम हाय." मी काही दुरुस्त केलं नाही. आयटीआय करून कारखान्यात क्वालिटी तपासायला लागलो होतो. मोजायचंच काम होतं ते.

पंचवटीच्या भाजी मार्केटात माल उतरला. आण्णांनी हात पुसले आणि मला घेऊन खोलीवर आले. गल्ली इतकी अरुंद होती की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावावी लागायची. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं, मागची खिडकी उघडून बघितली. "वारं येतंय," म्हणाले. मग जरा थांबून, "खानावळीत पयलं पानी कसं हाय ते बघ. जेवन कसं बी असू दे." एवढं बोलून ते गेले. मी त्यांच्या मागं मार्केटापर्यंत गेलो. रिकामा टेम्पो मागची फळी आपटत निघाला. मला वाटलं होतं, गाव मी सोडतोय. पण निघून गेले ते आण्णा, आणि मी भाजीच्या पाल्यात उभा राहिलो.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखे निघून पुण्याला, सुरतेला, कुणी त्याही पलीकडं गेलात त्यांनाही हे लिहितोय. भेटलात की तुम्ही विचारता, सोमनाथ, तुला हे गाण्याचं कसलं वेड लागलं? आपल्यात तर कुणी नव्हतं. आजवर मी हसून टाळलं. खरं म्हणजे सांगण्यासारखं त्यात जे आहे, ते फारसं चांगलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती ती. माझी पहिली शिफ्ट असायची. साडेतीनला सुटून चार-सव्वाचारला मी खोलीवर. पुढं काय करायचं ते कळायचं नाही. गावात चार वाजता माणसाला शंभर कामं असतात, निदान कुणीतरी हाक तरी मारतं. इथं महिना-महिना मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. कारखान्यात आडनाव, आणि खानावळीतला वाढपी मला "सात नंबर" म्हणायचा, कारण माझ्या कार्डाचा नंबर सात होता. मी घाटावर जाऊन बसायचो. तिथं सगळे जोडीनं, घोळक्यानं, नाहीतर कुणाची तरी राख घेऊन आलेले. नुसता बसलेला मी एकटाच.

मागच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आमच्याच वाड्यातल्या दुसऱ्या घराची खिडकी होती. तिथून दुपारी एका बाईचा आवाज यायचा. पन्नाशीची असावी. गायची, पण कुणासाठी नाही. एक सूर धरायची आणि त्यावरच बसून राहायची, जशी एखादी बाई उन्हं उतरताना ओट्यावर बसते. एखादी ओळ म्हणून झाली की थांबायची. ते थांबणं इतकं लांबायचं की वाटायचं, झालं, उठली. आणि मग सावकाश पुढचा सूर यायचा, तिथंच कुठंतरी होता आणि तिनं फक्त उचलला असा. मी चहासाठी स्टोला पंप मारत असलो तर हात थांबवायचो. तिचं संपेस्तोवर चहा व्हायचा नाही. त्या रागाला भीमपलासी म्हणतात, हे मला कितीतरी महिने माहीत नव्हतं. मला एवढंच कळायचं की त्या पाऊण तासात मला घरची आठवण येत नाही.

जिन्यावर येता-जाता नाव कळलं, विमलबाई. नवरा पेटीवादक होता, तो वारलेला. संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवायच्या. मुली त्यांना नुसतं "बाई" म्हणायच्या, मीही तेच म्हणायला लागलो.

पगारातून मी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि मेन रोडवरच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. काय मागायचं ते कळेना. म्हणालो, "हळू गायलेलं काही आहे का?" दुकानदार बघतच राहिला. शेजारी माझ्याच वयाचा एकजण उभा होता, तो मोठ्यानं हसला, पण वाईट नाही. "हळू म्हणजे विलंबित," तो म्हणाला. "चला, तुम्हाला ऐकवतो." तो सुधीर. बँकेत होता. पुढच्या रविवारी तो मला स्कूटरवर मागं बसवून गंगापूर रोडला वैद्य सरांच्या फ्लॅटवर घेऊन गेला.

वैद्य सर निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी आठ-दहा माणसं जमायची आणि सरांच्या मोठ्या डेकवर गाणं ऐकायची. सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. शहरात मला "आत या" म्हणणारं पहिलं घर त्यांचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "सोमनाथराव" म्हटलं. एवढ्या महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून माझं नाव ऐकलं, तेही राव लावून. मी त्या घरासाठी काहीही केलं असतं.

आणि केलंच. आधी नुसता ऐकत बसायचो, गाणं कमी आणि माणसं जास्त. कुठं मान हलवायची, कुठं डोळे मिटायचे, कुणाचं नाव निघालं की कानाला हात लावायचा आणि कुणाचं निघालं की नुसतं हसायचं, हे सगळं पाठ झालं. तयारी, दमसास, नजाकत, ठहराव, विचार. हे शब्द मी वहीत लिहून ठेवायचो आणि खोलीवर आरशासमोर म्हणून बघायचो. आमच्याकडं "नाय" म्हणतात, "लय" म्हणतात. तिथं मी "नाही" आणि "फार" म्हणायला लागलो. सर जी कॅसेट चांगली म्हणतील ती मी पुढच्या पगाराला घ्यायचो. ती लावून बसलो की मधेच झोप यायची, तेव्हा मला माझीच लाज वाटायची. वाटायचं, आपला कान गावठी आहे. होईल तयार हळूहळू.

गंमत अशी की कामावर माझा कान नाही, पण डोळा आणि हात पक्का होता. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, पार्ट टाकायचा. जातो की नाही, बास. दिवसाला शेकडो वेळा मी हा चालेल, हा नाही, असं ठरवायचो आणि कुणाला विचारायचो नाही. रविवारी मात्र एक तान ऐकली की मी आधी सरांच्या तोंडाकडं बघायचो.

मग दुपारी खिडकीतून येणारा तो आवाजही मला वैद्य सरांकडच्या कानानं ऐकू यायला लागला. बाई फार थांबतात, तान नाहीच, घराणं कुठलं कुणास ठाऊक. स्टोचा पंप मी आता थांबवत नव्हतो.

दोन-तीन वर्षांनी एकदा बाईंनी मला जिन्यात थांबवलं. "सोमनाथ, तुम्ही वैद्यांकडच्या बैठकीला जाता म्हणे. वर्षातून एकदा ते कुणाचं तरी गाणं ठेवतात ना?"

"हो. छोटंसं असतं. चाळीस-पन्नास माणसं."

"मी आजवर देवळात आणि शाळेच्या कार्यक्रमातच गायले," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्या माणसांपुढं एकदा बसावं असं वाटतं." आणि पदराआडून त्यांनी एक कॅसेट काढली. घरीच भरलेली होती. वर निळ्या शाईनं फक्त रागाचं नाव लिहिलं होतं. "ऐकवाल का त्यांना? नाही आवडलं तर नाही."

मी ती रविवारी नेली. सरांनी लावली. मिनिटभर सगळे ऐकत होते. मग बाई नेहमीसारख्या थांबल्या आणि त्या थांबण्यात कुणीतरी विचारलं, "टेप अडकली का?" पुन्हा सूर आला. मला आठवतंय, त्या क्षणी माझ्या आत काहीतरी हललं होतं. रोज खिडकीतून ऐकलेला आवाज त्या मोठ्या स्पीकरमधून येत होता आणि तो मी समजत होतो त्याहून मोठा होता. तेवढ्यात टेपमध्येच कुकरची शिट्टी वाजली. सगळे हसले. सुधीरनं विचारलं, "भात झाला वाटतं?" पुन्हा हशा. मग गप्पा सुरू झाल्या आणि गाणं मागं चालू राहिलं.

दहाएक मिनिटांनी सर माझ्याकडं वळले. "सोमनाथराव, तुम्ही तर यांना रोज ऐकता. तुम्हाला काय वाटतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदाच मला कुणी तिथं मत विचारत होतं.

"घरगुती आहे," मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली. "अगदी नेमका शब्द. घरगुती." त्यांनी बटण दाबलं आणि कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी स्कूटरवर मागं बसून येताना मी खूश होतो. हे मी लपवणार नाही. नेमका शब्द बोललो म्हणून खूश होतो. गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत ती खुशी टिकली. जिना चढताना ती गेली.

बाईंनी दार उघडलं. हाताला कणीक लागली होती. "काय म्हणाले?"

"या वर्षीचं आधीच ठरलंय म्हणाले."

"आणि गाणं?"

"ठहराव चांगला आहे म्हणाले. विस्तारात विचार थोडा कमी पडतो."

त्यांनी मनगटानं कपाळावरचा केस मागं सारला. "तुम्हाला कसं वाटलं?"

मी जे बोललो तेच पुन्हा बोललो. ठहराव, विस्तार, विचार. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. ठेवा तिथं टेबलावर. चहा घेता?" मी शिफ्टचं कारण सांगितलं. रविवारी कसली शिफ्ट, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या दुपारी त्या गायल्याच. त्यांनी खिडकी बंद केली नाही. मीच माझी बंद केली.

पुढची सात-आठ वर्षं भराभर गेली. लग्न झालं. सुनंदा सटाण्याकडची. आम्ही पंचवटी सोडून सातपूरकडं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कॅसेटींचं कपाट झालं, मग सीडी आल्या. सुनंदा माझ्या गाण्याबद्दल कधी काही बोलली नाही. कुणी पूजेला बसलं की आपण जसे आवाज न करता वावरतो, तशी ती माझ्या ऐकण्याभोवती वावरायची. मला ते तेव्हा समजूतदारपणाचं वाटायचं. आम्ही दोघं एका घरात दोन गावांना राहत होतो, हे नंतर कळलं.

रविवार चालूच होता. आता मी जुन्यांपैकी एक होतो. नवीन आलेल्यांना मीच शब्द सांगायचो.

मग एका आठवड्यात कारखान्यात एक लॉट आला. सुपरवायझर म्हणाला चांगला आहे, दोन्ही शिफ्टचे तपासनीस म्हणाले चांगला आहे. मी गेज लावला. जात नव्हता. मी तो बाजूला ठेवला. आवाज चढले, मोठे साहेब आले, पुन्हा मोजलं, आणि माझं बरोबर निघालं. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. पण त्याच रविवारी सरांनी नवी सीडी लावली. मोठ्या गायकाची, फार मोठ्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. आणि मला कंटाळा आला. तो नेहमीच यायचा, पण त्या दिवशी मी त्याला हाकलला नाही. बसून त्याच्याकडं बघितलं. ताना येत होत्या, एकीवर एक, सगळ्या मापात, आणि त्यांत कुणी राहत नव्हतं.

संपल्यावर सर प्रत्येकाला विचारत आले. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणालो, "मला कंटाळा आला, सर."

"कंटाळा? कुठं?"

"पहिल्यापासूनच."

सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमचा कान अजून तयार व्हायचाय, सोमनाथराव." दहा वर्षं होत आली होती. जिन्यात सुधीर म्हणाला, "असं बोलायचं नसतं रे. नसेल आवडलं तर गप्प बसायचं. आम्ही काय करतो?"

आम्ही काय करतो, हे त्याचं वाक्य मला कितीतरी दिवस पुरलं. म्हणजे तोही. म्हणजे कदाचित सगळेच.

मला कुणी येऊ नका म्हटलं नाही. पुढच्या दोन रविवारी बोलणं माझ्या अलीकडं येऊन थांबायचं, एवढंच. तिसऱ्या रविवारी मी गेलो तर दाराला कुलूप होतं. बैठक त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडं होती, आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. मी खाली उतरलो आणि गंगापूर रोडनं चालत राहिलो. शहरात आल्यावर पहिल्या वर्षी जसा चालायचो तसा. तेव्हा निदान वाटायचं की पुढं कुणीतरी भेटेल.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. सुनंदानं एकदाच विचारलं, "जात नाही का?" मी नाही म्हटलं. ती भाजी निवडत राहिली. मी कपाट उघडून जमिनीवर बसलो. म्हटलं, आता कुणी नाही, आपल्याला आवडतं ते लावू. एकेक कॅसेट हातात घेतली. ही सर म्हणाले म्हणून. ही सुधीरकडं होती म्हणून. ही नसेल तर हसतील म्हणून. दुपार झाली तरी मला एक लावता येईना. चार कॅसेटी बाजूला निघाल्या, त्याही फार खात्रीच्या नाहीत. एवढ्या वर्षांत मी खूप ऐकलं होतं, पण मला काय आवडतं हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. माणसांत राहायला मिळावं म्हणून मी माझा कान देऊन टाकला होता, आणि आता माणसंही नव्हती.

शेवटी एका दुपारी मी पंचवटीत गेलो. गल्ली तीच होती. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बसा, सोमनाथ. कसं काय येणं केलं?"

मी बसलो. मग म्हणालो, "बाई, तुमची ती कॅसेट. मला आवडली होती. तेव्हाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"एकटा पडलो असतो."

"आणि आता?"

"आता पडलोच आहे."

त्या हसल्या नाहीत, आणि बरं वाटावं असंही काही बोलल्या नाहीत. "मी पुन्हा कुणाला विचारायला गेले नाही," एवढं म्हणाल्या. "एकदा धीर केला होता, तेवढंच. आता गळाही पहिला राहिला नाही." मी खाली बघत होतो. पुढं त्या म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी मुली येतात. येऊन बसत जा. शिकायला नको, ऐकायला. या पोरींपुढं कुणी नुसतं ऐकायला बसतच नाही."

मी जायला लागलो. पाच-सहा मुली, एक पेटी, कोपऱ्यात मी. मुली गेल्या की कधीकधी बाई स्वतः थोडं गायच्या. मग विचारायच्या, "कसं वाटलं?" पहिल्यांदा मी सवयीनं म्हणालो, "ठहराव फार सुंदर." त्यांनी हात वर करून थांबवलं. "हे वैद्यांचं झालं. तुमचं सांगा."

माझं सापडेना. तुम्हाला सांगतो, लाज वाटावी इतकं ते अवघड होतं. आवडलं की नाही हे कळायचं, पण त्यासाठी माझ्याकडं एकही शब्द माझा नव्हता. असे कितीतरी गुरुवार गेले. कधी म्हणायचो, बरं वाटलं. कधी म्हणायचो, आज मन लागलं नाही. त्या दोन्ही ऐकून घ्यायच्या. आणि एकदा त्या खालच्या सुरावर बराच वेळ घुटमळून एकदम मोकळ्या वर आल्या, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "बाई, गाय पान्हावते ना, तसं झालं. आधी अडवून धरते, आणि मग एकदम सोडते."

बाई पेटीवर हात ठेवून बघत राहिल्या. "आमच्या यजमानांनी ऐकायला पाहिजे होतं हे," म्हणाल्या.

त्यांच्याकडचं गाणं मी एकदा त्यांना विचारून भरून घेतलं. ती कॅसेट घेऊन त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो. आण्णा थकले होते, गुडघ्यांमुळं ओट्यावरून हलत नसत. दुपारी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडं शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं आणि आण्णा पुढं बसायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी टाळ घेऊन मी. दहावीपर्यंत एकही शनिवार चुकला नसेल. त्या दुपारी कशावरून तरी ते भजनावर आले आणि म्हणाले, "तुला तवापासूनच गान्याचा नाद हाय. आपल्या भजनातून लागला."

एरवी मी हो म्हटलं असतं. म्हातारा माणूस, दिवाळीचा दिवस. पण गुरुवारांची सवय लागली होती. म्हणालो, "नाही आण्णा. मला भजन कधी आवडलं नाही. सगळे ओरडायचे."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. मला वाटलं, उगाच बोललो.

"मला ठावं होतं," ते म्हणाले. "तुझा टाळ कायम मागं पडायचा. मनात असलं तर हात असा मागं ऱ्हात नाय."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू माझ्याशेजारी बसायचा. ते बरं वाटायचं." मग म्हणाले, "तुला आवडतं ते लाव की. बघू काय हाय."

मी टेप आणला आणि बाईंचं गाणं लावलं. आण्णांनी मांडी नीट घातली, काठी बाजूला ठेवली आणि अर्धा तास न हलता ऐकलं. संपलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. ते आपणहून म्हणाले, "मला नाय आवडलं. लय रडकं वाटतं. बाई चांगली असंल, पन मला नाय आवडलं."

"बरं," मी म्हणालो.

"तू ऐक. तुझं तू ऐक." आणि आतून आईनं जेवायला हाक मारली तसे ते माझ्या खांद्याला धरून उठले. आम्ही शेजारी बसून जेवलो. माझ्या ताटात त्यांनी त्यांच्यातली अर्धी पुरणपोळी टाकली. इतक्या वर्षांत इतकं हलकं मला कुठंच वाटलं नव्हतं, वैद्य सरांच्या दिवाणखान्यात कुणी माझ्या शब्दाला दाद दिली तेव्हासुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. दोन वर्षांनी आई गेली. बाई आता मुलीकडं इंदूरला असतात, फोनवर आवाज क्षीण येतो. नाशिकही तुम्हाला ओळखू येणार नाही इतकं वाढलंय. उड्डाणपुलाची बोलणी चाललीत आणि गंगापूर रोडला आता जुनं म्हणावं असं काही उरलं नाही. वैद्य सर वारल्याचं मला पेपरात कळलं. त्यांच्या घरी गेलो होतो. सुधीर भेटला, माझा हात हातात घेऊन उभा राहिला.

गावी येतो तेव्हा तुमचीच पोरं मला बसवतात. "काका, तुमचं ते गाणं लावा." लावतो. ती पाच मिनिटं शहाण्यासारखी बसतात आणि म्हणतात, "छान आहे, काका." फार गोड पोरं आहेत. पण पाहुण्याला असंच म्हणतात. ते ऐकलं की मला कळतं, हे गाव आता माझं घर नाही. जिथं मला तोंडावर "नाय आवडलं" म्हणणारं माणूस होतं, ते घर होतं. तुम्ही जे लांब गेलात, तुम्हालाही कधीतरी असं "छान आहे" ऐकू आलं असेल. मग मला काय म्हणायचंय ते तुम्हाला समजेल.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, मी संध्याकाळी खुर्चीत बसून सारंगीची एक सीडी ऐकत होतो. कुणी सांगितलेली नव्हती, दुकानात उभ्यानं दहा मिनिटं ऐकून मीच घेतलेली. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत दारात उभी राहिली आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, एक सांगू? मला हे मुळीच आवडत नाही. डोकं उठतं माझं."

मी तिच्याकडं बघितलं. ती जराशी घाबरली होती.

"बस ना," मी म्हणालो. "काय आवडत नाही ते सांग."

ती खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. मी आवाज कमी केला. बंद केलं नाही.